माळ आधी, दरी नंतर : विदर्भातल्या तीन दिवसांच्या पक्षीसहलीचा पूर्ण आराखडा

हिवाळा लागला की दोन तक्रारी हमखास कानावर येतात. पहिली : ‘कारंज्याच्या माळावर दोन तास फिरलो, टिटवी आणि बगळे सोडले तर काही दिसलं नाही.’ दुसरी : ‘चिखलदऱ्याला पहाटे साडेपाचलाच कड्यावर जाऊन बसलो, थंडीनं हात बधिर झाले, एक पाखरू हललं नाही.’ पहिला माणूस माळावर साडेदहाला पोचलेला असतो आणि दुसरा दरीत उन्हाच्या तीन तास आधी. दोघांच्या वेळा अदलाबदल केल्या असत्या तर दोघांचीही वही भरली असती.

आपल्याकडे वाळवंट नाही, पण बरड आहे. मुरमाड, खडकाळ, कुसळी गवताचा, पाणी न धरणारा माळ. राजस्थानातल्या कोरड्या मुलखात राहणारे पखुर्डी, धाविक, चंडोल हे जमिनीवरचे पक्षी वाशीम-अकोल्याच्या बरडावरही राहतात. आणि तिथून अर्ध्या दिवसाच्या प्रवासावर गाविलगडाच्या डोंगररांगेतले बेसॉल्टचे उभे कडे आणि खोल दऱ्या आहेत. एकाच सहलीत दोन्ही पाहता येतात, मात्र क्रम सांभाळावा लागतो. उघड्या माळावर पहिलं ऊन पडतं, तिथले पक्षी सूर्योदयाबरोबर कामाला लागतात आणि नऊनंतर आडोशाला जातात. दरीत ऊन उशिरा उतरतं, म्हणून तिथला दिवसच उशिरा सुरू होतो. खालचं सगळं वेळापत्रक या एका गोष्टीवर बेतलं आहे.

टप्पा १ : महिना ठरवा

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ धरावा. उत्तरेकडून आलेले भोवत्या (हा शिकारी पक्षी), छोटे चंडोल, खरूची, निळा कस्तूर तेव्हा इथे असतात, गवत वाळलेलं असतं आणि दिवसभर बाहेर राहता येतं. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. त्या आठवड्यात गावोगावी पक्षीनिरीक्षणाच्या फेऱ्या निघतात. अगदी नवख्या माणसानं आधी अशा एखाद्या फेरीला जाऊन यावं.

मार्च-एप्रिलमध्ये पाणवठ्यावर पक्षी छान दिसतात, पण माळटिटवी आणि धाविक तेव्हा उघड्या जमिनीवर अंडी घालतात. तो काळ अनुभवी माणसांसाठी ठेवा. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हा जाऊच नका. पावसाळ्यात चिखलदरा धुक्यात बुडालेला असतो, दरीच्या जागी पांढरी भिंत दिसते. माळावर त्याच दिवसांत तणमोराचा विणीचा हंगाम असतो. हा पक्षी आता फार थोडा उरला आहे. त्याच्या गवतात पावसाळ्यात पाऊल टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कितीही मोठा कॅमेरा हातात असला तरी.

टप्पा २ : मार्ग आणि परवानगी

मी सुचवतो तो मार्ग असा. पहिला दिवस आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्यात आणि आसपासच्या माळावर. हे अभयारण्य सुमारे १८ चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे दोन सकाळींत नीट बघून होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी अमरावती, परतवाडा करत चिखलदरा. तिसरा दिवस दरीचा.

बुलढाणा किंवा वाशीमकडच्या लोकांना चिखलदरा लांब पडत असेल तर दरीच्या जागी लोणार घ्या. विवराचे उभे काठ, आत झाडी, तळाशी पाणी, आणि ऊन उशिरा उतरण्याचा तोच हिशेब. अकोटच्या मंडळींना नरनाळ्याचा किल्ला जवळ आहे.

परवानगीत लोक दोन ठिकाणी अडकतात. एक, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात पायी फिरता येत नाही. तिथे ठरलेल्या प्रवेशद्वारातून, नोंदणी करून, वनविभागाच्या नियमानुसार गाडीनंच जावं लागतं. पावसाळ्यात किंवा आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी ते बंद असू शकतं, आधी विचारून घ्या. चिखलदरा गावाजवळचे कडे मात्र पायी बघता येतात, आणि या सहलीला तेवढे पुरतात. दोन, अभयारण्यात ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही. परवानगी मिळाली तरी कड्याजवळ उडवू नका, शिकारी पक्षी घरटं सोडून जातात.

तपासा : निघण्याच्या आदल्या दिवशी संबंधित वनपरिक्षेत्र कार्यालयात फोन करून प्रवेशाची वेळ विचारली का? सूर्योदयाच्या आधी आत सोडत नसतील तर पहिला तास अभयारण्याबाहेरच्या ई-क्लास (सरकारी गायरान) जमिनीवर किंवा पांदण रस्त्यावर काढायचा असं आधीच ठरवून ठेवा. फाटकापाशी उभं राहून उजाडू देणं म्हणजे दिवसाचा सगळ्यात चांगला तास वाया घालवणं.

टप्पा ३ : सामान, आणि घरी आठ दिवस सराव

दुर्बीण ८×४२ ची घ्या. ८ म्हणजे आठपट मोठं दिसणार, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. १० पटीची घेतली तर हाताचा कंपही दहापट दिसतो आणि माळावरच्या वाऱ्यात चित्र स्थिर राहत नाही. उधारीवर आणलेली चालेल, पण आदल्या रात्री आणलेली चालणार नाही. कारण आठातले सहा जण ती डोळ्यांना न जुळवताच वापरतात आणि ‘धूसर दिसतं’ म्हणतात. जुळवण्याचा क्रम असा :

१. दोन्ही नळ्यांमधलं अंतर डोळ्यांना बसेल इतकं करा. दोन वर्तुळं मिळून एक दिसलं पाहिजे.
२. उजव्या बाजूचं भिंग हातानं झाकून, फक्त डाव्या डोळ्यानं लांबच्या पाटीवरची अक्षरं मधल्या चाकानं स्पष्ट करा.
३. आता डावं झाकून, मधलं चाक न हलवता, उजव्या नळीवरची छोटी कडी फिरवून तीच अक्षरं स्पष्ट करा.
४. ती कडी कुठे आहे त्याची खूण लक्षात ठेवा. पुढे सहलभर फक्त मधलं चाक फिरवायचं.

चष्मा असेल तर डोळ्यांजवळचे रबरी कप खाली दुमडा किंवा फिरवून आत घाला.

मग आठ दिवस रोज पंधरा मिनिटं घरामागच्या लिंबावर किंवा धुऱ्यावर सराव. उघड्या डोळ्यानं पक्षी पाहायचा, नजर तिथून न हलवता दुर्बीण वर आणायची. खाली बघून दुर्बीण उचलली की पक्षी हरवतो. कोतवाल, वेडा राघू, खाटीक हे तारेवर बसणारे पक्षी सरावाला उत्तम. ते उडून पुन्हा त्याच जागी येतात.

बाकी सामान थोडकं : खिशात मावणारी वही, दोन पेन्सिली, पक्षी ओळखीचं एक पुस्तक, मोबाइलमध्ये पक्षी ओळखून देणारं मर्लिन ॲप आणि भारतातल्या पक्ष्यांचा संच आधीच उतरवून घेतलेला. मेळघाटात बऱ्याच ठिकाणी नेटवर्क नसतं. कपडे मातकट, गवती किंवा राखी. पांढरा शर्ट बरडावर अर्ध्या किलोमीटरवरून दिसतो. पँट गुळगुळीत कापडाची आणि मोज्यांवरून खाली येणारी असावी. कुसळी गवताची कुसळं लोकरीच्या मोज्यांत घुसली तर दिवसभर तेच काढत बसावं लागतं. बूट घोट्यापर्यंत. फुरसं दगडाखाली असतं आणि घोणस गवतात.

पाण्याबद्दल वेगळं सांगतो. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या त्या गावांमध्ये हापशीचं पाणी खारट लागतं. सवय नसलेल्याचं पोट बिघडतं. तुमचा रस्ता त्या पट्ट्यातून जात असेल तर माणशी चार लिटर गोडं पाणी गाडीतच ठेवा. शिदोरीला भाकर, झुणका, ठेचा. दोन दिवस टिकणारं काही हवं तर दशम्या.

सावधान : गटात चारच माणसं. एका गाडीत बसतील तेवढी. पंधरा जणांच्या गटानं माळावर धाविक पाहिल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

टप्पा ४ : माळ, पहाट ते सकाळी साडेनऊ

डिसेंबरअखेर इकडे सूर्य पावणेसातच्या पुढे उगवतो. तुम्ही सव्वासहाला जागेवर हवं.

अंधारात धुरे ओलांडू नका. ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची सूचना आहे. रोही आणि रानडुकरांपासून पीक राखायला वावरांच्या कुंपणाला तारा लावलेल्या असतात. झटका मशीनचा धक्का सोसता येतो. पण काही ठिकाणी बेकायदा थेट वीज सोडलेली असते आणि तिनं माणसं मेली आहेत. उजाडेपर्यंत गाडीरस्त्यावरच थांबा. उजाडल्यावरही शेतात शिरण्याआधी शेतकऱ्याला विचारा. ‘काका, इकडून गेलं तर चालेल का?’ एवढं विचारलं की रस्ता मिळतो आणि बहुतेक वेळा चहासुद्धा.

पहिली वीस मिनिटं फक्त ऐका. तितराचा पतीला-पतीला असा घोष, माळटिटवीची ओरड, चंडोलाचं वर चढत जाणारं गाणं. कोणता आवाज कुठल्या बाजूनं आला हे वहीत बाणांनी लिहून ठेवा. उजेड आला की त्या बाणांप्रमाणे बघत जायचं.

सूर्य पाठीशी ठेवून चाला. सकाळी पूर्वेकडून पश्चिमेकडे. ऊन समोरून असेल तर सगळे चंडोल सारखेच काळे दिसतात आणि तुम्ही तासभर सावल्या मोजता.

चालण्याची पद्धत नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांचं बिघडतं. पक्षी दिसला की लोक सरळ त्याच्याकडे निघतात. जमिनीवरच्या पक्ष्याला सरळ अंगावर येणारा प्राणी म्हणजे शिकारी. धाविक आधी ताठ उभा राहतो, मग थोडं पळतो, थांबतो, पुन्हा पळतो. तो ताठ झाला की तुम्ही थांबायचं. खाली वाकून किडे टिपायला लागला की तिरकं चालायचं, जणू तुम्हाला दुसरीकडेच जायचं आहे. दहा पावलं, थांबा. पुन्हा दहा. असं जवळ जाताना तो स्वतःच तुमच्या बाजूला येतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. गाडीरस्ता असेल तर गाडीतून उतरूच नका. इंजिन बंद, काच खाली, हात आत. माळावर गाडीइतका चांगला आडोसा नाही.

गुरं चरत असतील तर त्या बाजूला जा. गुरांच्या पायांनी किडे उठतात आणि पक्षी गुरांना बुजत नाहीत. शिवाय गुरांमागे गुराखी असतो, आणि माळाची त्याच्याइतकी माहिती कुणालाच नसते. सोहोळजवळ एका म्हाताऱ्या ढोरक्यानं मला विचारलं, “काय पाह्यता भाऊ?” मी पखुर्डीचं चित्र दाखवलं. तो म्हणाला, “हे त भट तितर हायेत. ऊन निंघाल्यावर दोन घंट्यानं त्या बंधाऱ्याजोळ बसा. अंदी नोका जाऊ, मंग थे येत नाईत.” पुस्तकात आहे तेच त्यानं दोन वाक्यांत सांगितलं होतं. पुस्तकातलं नाव सांगून विचारलं तर उत्तर मिळत नाही. चित्र दाखवा आणि त्यांचं नाव लिहून घ्या.

भट तितर, म्हणजे पखुर्डी, कोरडं बी खाते, म्हणून तिला रोज पाणी लागतं. आपल्याकडे नेहमी दिसणारी जात सूर्योदयानंतर दोन-तीन तासांनी थव्यानं पाण्यावर येते. रंगीत पखुर्डी येते ती अंधार पडल्यावर. पाणवठ्यापासून किमान ५० मीटर लांब, झुडपाच्या आड, त्यांच्या येण्याच्या अर्धा तास आधी खाली बसा. थवा आधी वरून घिरट्या घालतो, लांब उतरतो, मग चालत पाण्याकडे येतो. या वेळी तुम्ही उठलात तर तो थवा तहानलेला परत जातो. विणीच्या काळात नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून पिल्लांसाठी पाणी नेतो. तुमच्या एका फोटोपायी ते पाणी पोचत नाही.

साडेनऊच्या सुमारास जमिनीलगतची हवा तापून थरथरू लागते. शंभर मीटरवरचा पक्षी पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. दुर्बीण बिघडलेली नाही, माळाची वेळ संपली आहे. वही मिटा.

तपासा : टिटवी डोक्यावर झेपा घेत ओरडतेय का? एखादा पक्षी पंख मोडल्यासारखा लंगडत पुढे पळतोय का? दोन्हीचा अर्थ एकच, घरटं जवळ आहे. ते शोधू नका. जिथे उभे आहात तिथून, आल्या पावलांवर पाय ठेवत मागे फिरा. उन्हात अंडी उघडी पडली तर काही मिनिटांत तापून मरतात.

टप्पा ५ : दुपार

दुपारी विश्रांती. सकाळची यादी दुपारीच पक्की करा. रात्रीपर्यंत ठेवलं तर तीनचे तेरा होतात. ओळख पटली नाही त्या पक्ष्यापुढे आकार, चोच, शेपूट, काय करत होता हे लिहा आणि नाव रिकामं ठेवा. ‘चंडोल, जात नक्की नाही’ ही चांगली नोंद आहे. अंदाजानं लिहिलेलं नाव पुढे कुणीतरी खरं धरतं.

टप्पा ६ : संध्याकाळी भोवत्यांची रात्रनिवासाची जागा

ही वेळ बहुतेक लोक चहाच्या टपरीवर घालवतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. कारण हिवाळी माळावरचं सगळ्यात सुंदर दृश्य तेव्हाच असतं. भोवत्या, ज्याला काही ठिकाणी हारिण म्हणतात, हा शिकारी पक्षी झाडावर नाही, गवतात जमिनीवर झोपतो, आणि अनेकदा थव्यानं. दिवसभर वावरांवरून टोळ, उंदीर टिपत फिरलेले भोवत्ये संध्याकाळी एकाच गवताळ पट्ट्यावर गोळा होतात.

१. डिसेंबरात सूर्यास्त पावणेसहाच्या आसपास असतो. पाचला जागेवर बसा.
२. गवताच्या आत नाही, कडेच्या रस्त्यावर किंवा गाडीत. सूर्य पाठीशी, म्हणजे तोंड पूर्वेकडे.
३. गवताच्या टोकांवरून, पंख उथळ इंग्रजी व्हीसारखे धरून, डोलत उडणारा पक्षी शोधा. फिका राखाडी असेल तो नर. तपकिरी आणि शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असेल ती मादी.
४. मोजा, पण शेवटचा पक्षी उतरेपर्यंत थांबा. उतरलेले पुन्हा उठतात, म्हणून अधूनमधून मोजलेली संख्या दुप्पट भरते.

पांढुरका आणि माँटेग्यूचा, या दोन भोवत्यांच्या माद्यांमध्ये फरक करायचा हट्ट पहिल्या वर्षी धरू नका.

अंधार पडल्यावर परतताना गाडी अगदी हळू चालवा, ताशी दहाच्या वेगानं, दिवे खाली. तापलेल्या मातीच्या रस्त्यावर रातवा बसलेला असतो. दिव्यात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. वेगानं गेलात तर तो चाकाखाली येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टप्पा ४ पुन्हा, पण वेगळ्या बाजूला. मग जेवून चिखलदऱ्याकडे. पेट्रोल आणि रोख पैसे परतवाड्यातच घ्या. घाट उजेडात चढा.

टप्पा ७ : दरी, सकाळी आठ ते साडेअकरा

इथे साडेपाचला उठायची गरज नाही. उलट अंधारात दरीकाठच्या वाटांनी फिरू नका. पहाट आणि संध्याकाळ ही अस्वलाची फिरण्याची वेळ. आठला काठावर पोचलात तरी तुम्ही वेळेच्या आधी आहात.

काठ निवडताना साधा नियम : सकाळी दरीच्या पूर्वेच्या काठावर बसा. सूर्य तुमच्या मागे असतो आणि समोरच्या, पश्चिमेच्या भिंतीवर ऊन पडतं. संध्याकाळी उलट. पंचबोल, देवी पॉइंट, भीमकुंड या नेहमीच्या जागांपैकी कुठे जायचं ते नावावरून नाही, होकायंत्र बघून ठरवा. मोबाइलमधलं चालतं.

कड्याच्या टोकापासून दोन मीटर मागे बसा. उभं राहू नका, बसाच. दुर्बिणीतून बघताना पायाखालचं भान राहत नाही. इथला खडक थराथरानं सुटतो आणि टोकावरचं गवत पुढे झुकून काठ लपवतं. दवानं ते निसरडंही असतं. काही वर्षांपूर्वी एका कड्यावर माझ्या शेजारचा मित्र उडत्या गरुडामागे दुर्बीण फिरवत अर्धवट उठला आणि त्याचा पाय सरकला. मी त्याच्या जॅकेटची कॉलर धरली म्हणून तो आज आहे. तेव्हापासून माझ्या गटात नियम आहे, दुर्बीण डोळ्याला तर बूड जमिनीला.

आता बघायचं कसं. नवखा माणूस अख्ख्या कड्यावर नजर भिरभिरवतो आणि दहा मिनिटांत थकतो. बेसॉल्टचा कडा म्हणजे एकावर एक साठलेले लाव्हाचे थर. ते थर आडव्या ओळींसारखे वाचा. सगळ्यात वरची ओळ डावीकडून उजवीकडे, मग तिच्या खालची. कड्यावर पांढऱ्या शिटांचे ओघळ दिसले की थांबा. त्यावरच्या कपारीत शिकारी पक्ष्याची बसायची किंवा घरट्याची जागा असते. शाहीन ससाणा, मोरघार असल्याच जागा धरतात. सोबत्याला दाखवतानाही थरच कामी येतात. ‘तो बघ, तिकडे’ असं म्हणण्यापेक्षा ‘तिसरा थर, पिंपळाच्या डाव्या हाताला’ म्हटलं की दोन सेकंदांत सापडतो.

आणि उन्हाची रेघ बघत राहा. समोरच्या भिंतीवर ऊन वरून खाली उतरत जातं. जिथे ती रेघ पोचते तिथला खडक तापतो, किडे उडतात, आणि कड्यावरच्या पाकोळ्या नेमक्या त्या पट्ट्यात घिरट्या घालतात. निळा कस्तूर खडकाच्या टोकावर येऊन बसतो. लांबून काळाच वाटतो, ऊन लागलं की निळा उमटतो. पहिला दीड तास या रेघेमागे नजर खाली खाली नेत गेलात तर कडा स्वतःच पक्षी दाखवत जातो.

साडेनऊ-दहाला दरीतली हवा तापून वर येऊ लागते. याच हवेवर घारी, सर्पगरुड, मोरघार पंख न हलवता वर चढतात. माळावर शिकारी पक्षी पोटाच्या बाजूनं दिसतो. इथे तो तुमच्या पायाखालून वर येतो, डोळ्यांच्या उंचीला येतो आणि पाठीचा रंग दाखवून जातो. अर्ध्याहून अधिक शिकारी पक्षी मी पाठीवरूनच नीट ओळखायला शिकलो. माळ पहाटे आणि दरी दहाला, हा हट्ट मी का धरतो ते इथे एकदा बसलात की कळेल.

आवाजाबाबत एक अडचण येते. समोरच्या भिंतीवरून तो परततो आणि पक्षी उलट बाजूला असल्याचा भास होतो. दोन्ही कानांमागे तळहात धरून डोकं हळूहळू फिरवा. ज्या बाजूला आवाज सगळ्यात कोरडा आणि स्पष्ट, तीच खरी बाजू. ओढ्याजवळ माणसानं शीळ घातल्यासारखी लांब, भटकी धून ऐकू आली तर तो शीळकरी कस्तूर.

सावधान : कड्यांच्या पोटाशी आग्या मोहोळ असतं. अत्तर, सुगंधी तेल, धूर, फ्लॅश, मोठा आवाज, दगड फेकणं, सगळं वर्ज्य. माशा उठल्याच तर तोंड-मान उपरण्यानं झाका आणि काठापासून दूर, झाडीतून धावा. हात झटकत उभं राहू नका. डंख लागून श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर वाट न बघता दवाखाना गाठा.

लोणारला जाणार असाल तर फरक इतकाच : तिथे काठावर बसून झालं की आत उतरता येतं. साडेआठला काठ, साडेनऊला उतरण, साडेअकराच्या आत वर. सरोवराचं पाणी तीव्र खारं आणि अल्कधर्मी आहे, म्हणून पाण्याकाठी शेकाट्या, टिबुकली, बदकं बघा, पण रानपक्ष्यांसाठी गोड्या झऱ्यांजवळच्या सावलीत शांत बसा. स्वर्गीय नर्तक दिसण्याची आशा तिथेच. चढण वाटते त्यापेक्षा दमवते, पाणी काठावरच्या गाडीत ठेवून उतरू नका.

रानपिंगळ्याबद्दल

मेळघाटात जाणारा प्रत्येक जण विचारतो, म्हणून लिहितो. हा पक्षी १८८४ नंतर कुणाला सापडला नव्हता. ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला. मेळघाट हे त्याचं महत्त्वाचं घर आहे. तो दिवसाही जागा असतो, विरळ सागाच्या जंगलात उघड्या फांदीवर बसतो. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. छाती गडद तपकिरी, पोट पांढरं, पाय पिसांनी भरलेले.

मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावू नका. दुसरा नर हद्दीत आला असं समजून तो शिकार सोडून भांडायला येतो, दिवसाढवळ्या उघड्यावर बसतो, आणि शिक्रा त्याला उचलू शकतो. वाटाड्यानं स्वतःहून आवाज लावला तरी ‘दादा, राहू द्या’ म्हणा. तो बहुतेक वेळा पाहुण्याला खूश करायलाच लावत असतो. दोन-चार गटांनी नको म्हटलं की सवय मोडते.

टप्पा ८ : परतण्यापूर्वीची नोंद

तिसऱ्या दिवशी दुपारी, गाडी सुरू करण्याआधी, अर्धा तास झाडाखाली बसा. प्रत्येक जागेची वेगळी यादी करा : कुठे, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, किती अंतर चाललो, कोणता पक्षी किती. तीन दिवसांची एकच लांब यादी कुणाच्या उपयोगाची नसते. नेटवर्क आलं की याद्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरा. माळावरच्या भोवत्यांच्या संख्या विशेष काळजीनं भरा. ई-क्लास जमिनी नांगरल्या जात आहेत, आणि एखाद्या पट्ट्यावर दरवर्षी किती भोवत्ये झोपतात याचा लिखित पुरावा असेल तरच तो पट्टा वाचवण्यासाठी कुणाशी बोलता येतं.

घरट्याचं, रानपिंगळ्याच्या झाडाचं किंवा तणमोराचं नेमकं ठिकाण मात्र व्हॉट्सॲपवर टाकू नका. फोटोत ठिकाणाची माहिती आपोआप जोडली जाते, ती मोबाइलच्या कॅमेऱ्यात माळावर पोचण्याआधीच बंद करून ठेवा. आणि ढोरक्याकडून, वाटाड्याकडून मिळालेली पक्ष्यांची गावातली नावं यादीच्या मागच्या पानावर, गावाच्या नावासकट, जशी ऐकली तशी उतरवा.